टाकीच्या पाण्यावरचं अळू

त्या संध्याकाळी परीक्षित पोटभर जेवला, आणि वीणाच्या मनाला घोर लागला तो तिथपासून.

मुगाची खिचडी, कढी, भाजलेला पापड. खिचडी त्याने तीनदा घेतली. वर "आई, कढी मस्त झालीय आज," असंही म्हणाला. एरवी कुठल्याही आईचा जीव सुखावावा असं हे जेवण. पण भांडी विसळताना वीणाच्या लक्षात आलं की आपण मघापासून एकच वाटी घासत उभ्या आहोत. त्याच सकाळी तिच्या मुलाने एका परक्या माणसाला तोंडावर खोटं सांगितलं होतं. खोटं बोलून परीक्षितच्या घशाखाली घास उतरतो, हे तिला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

लहानपणी उतरत नसे. ठाण्याच्या घरी, चौथीत असताना, त्याच्या हातून वडिलांच्या रेडिओचं बटण तुटलं होतं. पोराने भाताची शितं लावून ते जागच्या जागी चिकटवलं आणि रेडिओ पुन्हा फळीवर ठेवला. मग जेवायला बसला की पानात नुसता चिवडत राही. वीणाला वाटलं, जंत झाले असतील. शेवटी आपणच जाऊन वडिलांपुढे उभा राहिला आणि रडत सगळं सांगून मोकळा झाला. माधवराव कधी हात उगारत नसत, आवाजही चढवत नसत. ते बोलणं बंद करत. त्या वेळी त्यांनी आठवडाभर मुलाशी एक शब्द काढला नाही. "मीठ दे म्हणावं त्याला," असं वीणामार्फत सांगत. पोराने त्या आठवड्यात बापाच्या चपला रोज पुसून ठेवल्या. उपयोग झाला नाही.

तो मुलगा आता चाळिशीला टेकला होता. बर्मिंगहॅमच्या एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस, बाकीचे दिवस श्रॉपशरमधल्या या गावातून. स्वभावाने इतका गरीब की सुपरमार्केटच्या रांगेत कोणी पुढे घुसलं तरी हाच "सॉरी" म्हणायचा. शेजारच्या म्हाताऱ्या बाईचे कचऱ्याचे डबे दर बुधवारी न सांगता रस्त्यावर नेऊन ठेवायचा. मुलीला, कस्तुरीला, पोहायला शिकवता यावं म्हणून आधी स्वतः शिकला, तेही पस्तिशीत. कोणाचं काही वाईट करावं असं त्याच्या मनातही येत नसे. फक्त वाईट बातमी आपल्या तोंडून सांगायची वेळ आली की त्याची जीभ जड व्हायची. मग तो "होईल गं" म्हणायचा. "होईल गं" ऐकलं की वीणा समजायची, काहीतरी बिनसलंय.

हे घर त्याने लॉकडाऊनच्या काळात घेतलं होतं. त्याच्या बायकोला, ईराला, ते नको होतं. ती वूस्टरच्या हॉस्पिटलात डॉक्टर, भूल देणारी. तिच्यासाठी रोजचा रस्ता लांबचा. शिवाय या गावात कौन्सिलची गटारलाइन नव्हती. प्रत्येकाच्या परसात आपापली जमिनीखालची टाकी. घाण टाकीच्या तळाशी बसायची, वरचं पाणी भोकं पाडलेल्या नळ्यांमधून लॉनखाली मुरायचं, आणि वर्षातून एकदा टँकर येऊन तळ उपसायचा.

"घर घ्यायचं आणि वर ही टाकी सांभाळायची?" ईरा म्हणाली होती. "परीक्षित, आपल्याला दोघांना मिळून एक कुंडी जगवता येत नाही!"

"होईल गं," परीक्षित म्हणाला होता.

घर दोघांच्या नावावर झालं. वीणाला ते पहिल्यापासून आवडलं. माधवराव गेल्यावर ती दर उन्हाळ्यात इथे यायची. परसात, कुंपणाच्या अलीकडे, एक पट्टा कायम ओलसर असायचा. वीणाचं माहेर देवरुखचं. तिथे मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू लावायचं असतं. ओल दिसली की हात आपोआप अळूचा कंद शोधतो. गेल्या वर्षी तिने इल्फर्डला राहणाऱ्या आपल्या मावसबहिणीकडून, आसावरीकडून, अळकुड्या मागवल्या आणि त्या पट्ट्यात पुरल्या. या थंड देशात ते रुजणार नाही असं सगळे म्हणाले. अळू असं माजलं, की एकेका पानाआड कस्तुरी लपायची. वड्या झाल्या, फदफदं झालं, गणपतीला गठ्ठा बांधून पानं इल्फर्डला गेली. आसावरीच्या घरी तीस माणसांनी बोटं चाटत अळूवड्या खाल्ल्या आणि वीणाच्या हाताचं कौतुक केलं. या वर्षी आल्या आल्या तिने पुन्हा लावलं.

मधल्या काळात ईराला ग्लासगोला ट्रेनिंगची जागा मिळाली. ती कस्तुरीला घेऊन तिकडे गेली. परीक्षितने घर विकून मागून जायचं, असं ठरलं. सहा महिन्यांत होईल म्हणता म्हणता वर्ष होत आलं. एक गिऱ्हाईक सगळं ठरवून ऐन वेळी मागे फिरलं. दर रविवारी व्हिडिओवर कस्तुरी विचारायची, "बाबा, आपला घर विकली का?"

"घर विकलं का, म्हणायचं, पिल्लू."

"विकलं का?"

"होईल गं," बाबा म्हणायचा.

जुलैत नवं गिऱ्हाईक आलं. तरुण जोडपं, दीड वर्षाची मुलगी, दुसऱ्याची चाहूल. त्यांच्या वकिलाने टाकीची तपासणी मागितली. इथे रीतच तशी आहे. टाकी असलेलं घर विकायचं तर तिच्याबद्दल खरं काय ते विकणाऱ्याने सांगायचं असतं. त्या दिवशी परीक्षित परसात गेला, कमरेवर हात ठेवून त्या हिरव्या पट्ट्याकडे बघत बराच वेळ उभा राहिला आणि आत येऊन म्हणाला, "आई, ते अळू काढायला लागेल. बघायला येणाऱ्यांना लॉन साफ दिसलं पाहिजे."

वीणाने पानं खुडली, त्याने कंद उपटले, वर हिरवळीच्या तयार वळकट्या आणून अंथरल्या. तोवर तिच्या मनात काही आलं नव्हतं. आलं ते तपासणीच्या चार दिवस आधी.

"आई, गुरुवारपर्यंत वॉशिंग मशीन लावू नकोस हं."

"का रे? बिघडलंय?"

"नाही, तसंच. आणि भांड्यांचं पाणी बादलीत धर. मी बाहेर रस्त्याकडच्या गुलाबांना घालीन."

"आणि अंघोळ?"

"लेजर सेंटरला जाऊ या ना, पोहण्याच्या तलावावर. तिथे शॉवर छान आहेत."

वीणा त्याच्याकडे बघतच राहिली. मग चार दिवस ती, सत्तरीची बाई, टॉवेल आणि साडीची पिशवी घेऊन, गाडीत बसून अंघोळीला जात राहिली. बाहेर पोहण्याच्या कपड्यांतल्या इंग्रज बायका तिला "लव्हली डे!" म्हणायच्या आणि ही केसांना पंचा गुंडाळून "येस, व्हेरी" म्हणायची. पहिल्या दिवशी तिला हसू आलं. दुसऱ्या दिवशी परतताना तिने गाडीतच विचारलं, "परीक्षित, पाणी का जाऊ द्यायचं नाही टाकीत?"

"जमीन जरा सुकू दे म्हणून."

"कुठली जमीन?"

त्याने गिअर बदलला. "अळूची," तो म्हणाला.

मग तिला कळलं. नळ्या तुंबल्या होत्या. टाकीतलं पाणी खाली मुरायच्या ऐवजी वर येत होतं, आणि गेले दोन उन्हाळे तिचं अळू ते पीत होतं. लॉनमधली ओल एवढाल्या पानांखाली कोणाला दिसली नाही. घरी आल्यावर तिने आसावरीला फोन लावला आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. पलीकडून किंचाळी आली.

"बाई गं! वीणा! आपण गणपतीत खाल्लं ना ते! बापटांनी तर डबा भरून नेला होता!"

"अगं, उकडून तळलेलं होतं. काही झालं का कोणाला?"

"झालं नाही, पण आता मला होईल! कोणाला सांगू नकोस हां, पुढच्या वर्षी माझ्याकडे कुत्रं फिरकायचं नाही."

हसता हसता वीणाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसू कधी थांबलं ते तिलाच कळलं नाही. "आसावरी, तो हे सगळं लपवतोय गं," ती म्हणाली. "मला सांगतोसुद्धा असं, जसं काही पंखा पुसायचाय."

गुरुवारी तपासणीचा माणूस आला. उंच, लालसर चेहऱ्याचा, बोलका. ग्रॅहम त्याचं नाव. त्याने लोखंडी झाकण उचलून आत पाहिलं, टाकीपर्यंतच्या नळीतून कॅमेरा सोडला, पाणी कुठे वर येतं ते कळावं म्हणून संडासात हिरवा रंग टाकून वरचे नळ मोकळे सोडले आणि बाहेर हिरवळीत सळई खुपसत फिरला. सळई कोरडी निघाली. आधीच महिनाभर पाऊस नव्हता. त्यात हे चार दिवस. तासाभराच्या नळाच्या पाण्याने ती जमीन काही वर पाझरणार नव्हती.

ओट्याशी चहा पिताना त्याने विचारलं, "घर नेहमीसारखं वापरात आहे ना? बंद वगैरे नव्हतं?"

"अगदी नेहमीसारखं," परीक्षित म्हणाला. कुठेही न अडखळता. "माझी आई आलीय राहायला. रोज स्वयंपाक, धुणी, सगळं."

ग्रॅहमने हसून वीणाकडे पाहिलं. तीस वर्षं सहकारी बँकेच्या काउंटरमागे काढलेली बाई. इंग्रजी तिला अडत नव्हतं. ती म्हणाली, "येस. एव्हरीथिंग नॉर्मल." पिशवीतला ओला पंचा तिच्या पायाशी होता.

दुपारी ईमेल आली. त्या दिवशी तरी दोष आढळला नाही, असा तिचा मथितार्थ. परीक्षितने ती ग्लासगोला पाठवली, ईराचं "फायनली!!" आलं, आणि संध्याकाळी तो पोटभर खिचडी जेवला.

नंतरचे दिवस वीणा त्याला निरखत राहिली. तो शीळ घालत होता. पुस्तकं खोक्यांत भरत होता, खोक्यांवर कस्तुरीसाठी मांजरांची चित्रं काढत होता. धुणं साचलं होतं, मशीन रोज दोनदा फिरू लागलं. अंघोळी घरात सुरू झाल्या. आठवडा गेला नसेल. वीणा सकाळी चहाचा कप घेऊन परसात गेली, तर सगळं लॉन उन्हाने पिवळं पडलेलं, आणि कुंपणाकडच्या पट्ट्यात, नव्या हिरवळीच्या सांध्यातून, एक अळूचं पान गुंडाळी करून वर आलं होतं. उपटताना एखादी अळकुडी राहून गेली असणार. चपलेखाली माती पचपचली.

"काय झालं?" परीक्षित मागून आला. त्याने पान पाहिलं, वाकून मुळासकट ओढलं आणि कुंपणापलीकडे भिरकावलं. मग पायाने हिरवळ दाबून नीट केली. रेडिओचं बटण दाबावं तशी.

"अरे, लोक येणार आहेत ना आज?"

"पडद्यांची मापं घ्यायला. अर्ध्या तासात जातील."

ती माणसं आली. बायको सातव्या महिन्यातली, थकलेली, पण प्रत्येक खोलीत शिरून "इथे पाळणा, इथे खुर्ची" असं नवऱ्याला सांगत होती. वीणाने त्यांना नानकटाई दिली. छोटी मुलगी बापाच्या कडेवरून सुटली ती थेट परसात, आणि पिवळ्या लॉनमध्ये जो एकच मऊ हिरवा तुकडा होता तिथे जाऊन फतकल मारून बसली. दोन्ही हातांनी माती थोपटू लागली. मग एक हात तोंडाकडे गेला.

वीणा धावली. गुडघे दुखतात हे विसरून धावली. तिने पोरीला उचललं, पदराने तिचे हात पुसले, पुन्हा पुसले. मुलीची आई हसत मागून आली. "किती हिरवं आहे इथे! बाकी सगळं वाळलंय."

"सावली असते ना," परीक्षित म्हणाला. "ऊन कमी लागतं."

भर दुपार होती. त्या पट्ट्यावर लख्ख ऊन पडलं होतं.

ते गेल्यावर वीणाने नळाखाली हात धुतले आणि ओले हात तसेच ठेवून त्याच्यासमोर येऊन बसली.

"ती पोर तिथे रोज बसणार, परीक्षित."

"आई, प्लीज."

"चार माणसांचं पाणी पडलं की तिथे तळं होईल. ग्रॅहमला तू सांगितलंस, मीही सांगितलं. आता त्यांना काय सांगणार, सावली?"

"मग काय करू?" त्याचा आवाज एकदम फुटला. "खरं सांगितलं तर हेही जाणार. नव्याने खणायचं, नळ्या टाकायच्या, परवानग्या. हिवाळा जाईल त्यात. कस्तुरीचे दात पडलेले मी फोनवर बघतोय, आई. दात!"

मग वीणाने तेच विचारलं जे तिला त्या खिचडीपासून विचारायचं होतं. "ईराला ठाऊक आहे?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"पहिली माणसं का गेली, तेही तिला सांगितलं नाहीस?"

"त्यांना लोन मिळालं नाही, असं सांगितलंय." मग तो म्हणाला, "त्यांना बागेत वास आला होता. आई, ती नको म्हणत होती हे घर. मी हट्ट केला. आता तिला हे कळलं तर ती भांडणार नाही. एक शब्द बोलणार नाही. तेच मला नकोय."

वीणाला त्या क्षणी समोर चाळिशीचा माणूस दिसेना. बापाच्या चपला पुसून दारात ओळीने ठेवणारा पोर दिसला. एवढी वर्षं बाहेरदेशी काढून, घर घेऊन, लेकीचा बाप होऊन हा अजून त्याच आठवड्यात अडकलेला होता. ईरा बोलणं बंद करणारी बाई नव्हे, हे वीणाला माहीत होतं. ती फाडकन बोलायची. फदफद्यात चिंच जास्त झाली तर सासूच्या तोंडावर सांगायची. पहिल्या वर्षी वीणाला ते झोंबलं होतं आणि दोघींमध्ये एक सभ्य अंतर पडलं होतं, जे अजून होतं. आपणहून असा फोन वीणा तिला कधी करत नसे. कस्तुरीच्या मागून दोघी एकमेकींना विचारायच्या: तब्येत बरी ना, जेवलात ना.

संध्याकाळी तिने वरण-भात केला. परीक्षितने भात कालवला, लिंबू पिळलं, पुन्हा कालवला. बोटं नुसती ताटात फिरत राहिली. "भूक नाही गं," म्हणून तो उठला आणि जिन्याच्या पायरीवर, खोक्यांच्या मधे जाऊन बसला.

ते ताट बघून वीणाला कितीतरी दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं, आणि असं बरं वाटावं याची तिला लाजही वाटली.

ती हात पुसत विचार करू लागली. ग्रॅहमला बोलवावं? त्या पोटुशी बाईला गाठून सांगावं? पण परक्यांसमोर लेकाला उघडं पाडलं तर तो खचेल, आणि सांगायचं होतं ते त्याच्याच तोंडून जायला हवं होतं. त्याला ते एकट्याला जमणार नव्हतं. हे घर आणखी एका बाईच्या नावावर होतं. तिची सही लागणार होती, त्या सहीखाली काय आहे ते तिला माहीत नव्हतं. आणि या माणसाबरोबर जन्म काढायचा होता तो तिने. उद्या त्या घरातली पोर आजारी पडली आणि मग ईराला कळलं, तर ती नक्कीच गप्प होईल. तेव्हा ती गप्प झाली तर तिला दोष देता येणार नाही.

वीणा चष्मा शोधून जिन्यापाशी आली. परीक्षितने वर पाहिलं. तिच्या हातात फोन होता.

"ईराची ड्यूटी संपली असेल ना आता?"

"आई, नको." तो अर्धा उठला. "मी बोलेन. या वीकेंडला बोलतो. होईल गं."

"तुझ्या मागून नाही करत आहे मी, तुझ्यासमोर करतेय," वीणा म्हणाली. "मी फक्त सुरुवात करून देते. अळूपासून करते, ते मी लावलंय. पुढचं तू सांग. बसतोस इथे, की वर जातोस?"

तो जिन्याच्या कठड्याला धरून तसाच उभा राहिला, आणि मग हळूच खाली बसला. एक खोकं सरकवून त्याने तिच्यासाठी पायरीवर जागा केली.

वीणा त्याच्या शेजारी टेकली. ईराला पहिलं वाक्य काय बोलायचं ते तिला अजून सुचलं नव्हतं. तिने यादीत सुनेचं नाव काढलं आणि त्यावर बोट ठेवलं.